स्टेशन नऊची भरती

रंजनीने छत्रीचा दांडा बांधाच्या मातीत खुपसला, दहीभाताचा डबा सावलीत सरकवला आणि मांडीवरच्या लॅपटॉपकडे बघत भरतीची वाट पाहू लागली. भरती दहा चाळीसला येणार होती. आता दहा पंचवीस झाले होते.

समुद्र तिथून पाच किलोमीटर लांब होता. मध्ये एक महामार्ग होता, सॉफ्टवेअर कंपन्या होत्या, बिर्याणीची सतरा दुकानं होती. हे सगळं ओलांडून समुद्र रोज सकाळी पळ्ळिकरणै पाणथळीच्या दक्षिण कोपऱ्यातल्या एका डबक्यात येतो, पाच मिनिटांत अकरा सेंटिमीटर चढतो आणि सव्वाचारला ऑफिस सुटल्यासारखा परत जातो, असं स्टेशन नऊचं म्हणणं होतं. पावसाळ्यात तो येत नसे. फेब्रुवारी ते जून मात्र एक दिवस खाडा नाही.

स्टेशन म्हणजे एक लोखंडी खांब. त्याला बांधलेला पाइप, पाइपाच्या तळाशी पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर, वर एक कॅमेरा आणि त्याहून वर एक सोलर पॅनल. पॅनलवर एक खंड्या बसायचा आणि विजेच्या निर्मितीत जमेल तेवढा अडथळा आणायचा. अशी बारा स्टेशनं होती. दर मिनिटाला बाराही खांब मैलापूरच्या पाणथळ निरीक्षण केंद्रात आकडे पाठवत आणि तिथे ते आकडे संजीव धुऊन काढत असे.

संजीव मूळचा सांगलीचा, चेन्नईत येऊन आठ महिने झालेले. त्याच्याकडे आकडे साफ करणारा, आधीपासून चालत आलेला एक प्रोग्रॅम होता. नैसर्गिक पाणी पाच मिनिटांत अकरा सेंटिमीटर चढत नाही, एवढी एक गोष्ट त्या प्रोग्रॅमला पक्की माहीत होती. त्यामुळे स्टेशन नऊचे उन्हाळ्यातले जवळजवळ सगळे आकडे तो 'त्रुटी' असा शिक्का मारून कचऱ्यात टाकत असे. खुद्द संजीवचं मत जरा वेगळं होतं. समुद्रापासून डबक्यापर्यंत जमिनीखाली एक भुयार असणार, असं त्याला वाटत होतं. ते भुयार त्याने फळ्यावर निळ्या खडूने काढलं होतं आणि कोणी ते पुसू दिलं नव्हतं, कारण चित्र चांगलं होतं.

आढावा समितीला चित्रात रस नव्हता. समिती गुरुवारी येणार होती आणि तिची टिप्पणी आधीच येऊन पडली होती: स्टेशन नऊ अविश्वसनीय, बंद करावे. स्टेशन बंद झालं की दक्षिण कोपरा निरीक्षणाच्या नकाशातून बाहेर जाणार होता. नकाशाच्या बाहेर तो नुसता 'मोकळा भूखंड' होता, आणि शेजारच्या कल्याण मंडपाने, म्हणजे मंगल कार्यालयाने, त्या मोकळ्या भूखंडावर दोनशे गाड्यांच्या पार्किंगचा अर्ज करून ठेवला होता.

त्या कोपऱ्यात रंजनीने तीन वर्षांत एक्केचाळीस जातींचे पक्षी मोजले होते. त्यांतला एकही गाडीने येत नव्हता.

म्हणून आज सोमवारी, मे महिन्यातल्या ऐन अग्निनक्षत्राच्या उन्हात, ती इथे बसली होती. आकडा चुकत असेल तर का चुकतो, आणि बरोबर असेल तर कसा बरोबर आहे, हे गुरुवारच्या आत कळायला हवं होतं.

दहा सदतीसला पाणकणसातून गायबगळे बाहेर पडले. त्यांच्यामागून शिंगं आली.

शिंगांखाली म्हशी होत्या. त्या एका रांगेत आल्या, धक्काबुक्की न करता, हजेरीच्या मशीनवर बोट टेकवायला आल्यासारख्या. पहिली म्हैस डबक्यात उतरली, पुढे सरकली आणि खांबाशेजारी मानेपर्यंत बसली. रंजनीच्या पडद्यावरची रेघ एक सेंटिमीटर वर गेली.

दुसरी उतरली. दोन.

रंजनी उभी राहिली. दहीभाताचा डबा बांधावरून घरंगळत गेला, पण ते तिला नंतर कळलं.

तिसरी, चौथी, पाचवी. डबकं केवढं, तर एक बस उभी राहील एवढं. उन्हाळ्यात बाकीच्या पाणथळीपासून तुटलेलं, चारी बाजूंनी बंद. पाण्याला पळायला वाव नव्हता. म्हैस खाली गेली की पाणी वर यायचं. अकरावी म्हैस बाकीच्या दहांमध्ये जागा करून बसली आणि रेघ अकरा सेंटिमीटरवर जाऊन थांबली. घड्याळात दहा बेचाळीस झाले होते.

भरती आली होती. भरती रवंथ करत होती.

"काय बघतेस गं पोरी, कण्णु? म्हैस पाहिली नाहीस कधी?"

म्हशींच्या मागून आलेली बाई पन्नाशीची होती. हातात काठी, कानाला फोन, फोनवर कोणीतरी अजून बोलत होतं. तिने ते बंद केलं.

"तुमच्या आहेत?" रंजनीने तमिळमध्ये विचारलं.

"नाही, मी त्यांची आहे. रोज पहाटे चारला उठवतात."

"रोज इथेच येतात?"

"माझी सासू होती तेव्हापासून. ही जागा त्यांनीच खणली आहे, बसून बसून. एप्रिलमध्ये सगळीकडे चिखल होतो, इथे बघ, अजून माझ्या कमरेएवढं पाणी. विराल मासे पण सगळे इथेच येऊन लपतात." तिने काठीने दाखवलं. कडेला चार चित्रबलाक चोची पाण्यात बुडवून उभे होते, जेवणावळीत पहिल्या पंगतीला बसल्यासारखे.

तिचं नाव विजयलक्ष्मी. तिला म्हशींचा हिशेब विचारला तर तिने नावं सांगितली, आणि नावं सांगता सांगता एकीला हाकही मारली, ती वळूनही बघेना.

"हा खांब इथे का लावला, माहीत आहे का तुम्हाला?" रंजनीने सहज विचारलं.

"माहीत म्हणजे? खांब ठोकला माझ्या भावाने. चौदा वर्षं झाली." विजयलक्ष्मी हसायला लागली. "तो अय्या आला होता ना, ऑफिसर. पांढरी वेष्टी, नुकती आंघोळ झालेली, कपाळावर गंध. त्या दिवशी त्याच्या बापाचं श्राद्ध. मडीत होता म्हणे, म्हशीच्या पाण्याला शिवायचं नाही. बांधावरून खालीच उतरेना. इथे उभा राहिला, हा असा, आणि छत्रीने दाखवतो, अंगे दान! अंगे दान! तिथेच, तिथेच! माझा भाऊ म्हणतो, सामी, पलीकडे पण जागा आहे, बघून घ्या. नाही म्हणाला. घरी भटजी बसलेत म्हणाला."

तिने ते करूनही दाखवलं. वेष्टीचा काल्पनिक सोगा एका हातात धरला, दुसऱ्या हाताचं कोपर बरगडीला चिकटवलं आणि फक्त मनगटातून काठी हलवली.

रंजनी त्या कोपराकडे बघत राहिली. मडी म्हणजे सोवळं, ते तिला घरून माहीत होतं. ते कोपरही तिला माहीत होतं. कोपर बरगडीला चिकटवून बोट दाखवणारा माणूस चेन्नईत एकच होता. ऑफिसात तो तसा फाइल दाखवायचा आणि लग्नात पायसम.

*

व्यासराज केंद्राचे संचालक होते आणि मे अखेरीस निवृत्त होणार होते. ते तंजावरचे मराठी, रंजनीही तंजावरची मराठी, म्हणजे कुठूनतरी नातं होतंच. तिच्या आत्याच्या नवऱ्याच्या चुलत घराण्यातून ते तिचे मामा लागत. लग्नकार्यात ती त्यांना मामा म्हणे. ऑफिसात सर.

ऑफिसात ते सगळ्यांशी तमिळमध्ये बोलत, पाहुण्यांशी इंग्रजीत. मराठी त्यांनी फक्त रंजनीला रागावण्यासाठी राखून ठेवली होती, म्हणजे इतरांना कळू नये. साडेतीनशे वर्षांपूर्वी घर सोडून निघालेली ती मराठी होती. नंतर तिकडे काय काय बदललं ते तिला कोणी कळवलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी संजीव आला आणि या व्यवस्थेला तडा गेला. आता रागावणं झालं की तो काचेच्या दाराबाहेर वही घेऊन उभा असायचा. "'कसाला' म्हणजे 'कशाला' ना? आणि 'सेरी' म्हणजे 'बरं'?" असं विचारायचा.

"म्हशी," व्यासराज म्हणाले.

"अकरा, सर. एका म्हशीला एक सेंटिमीटर. सेन्सर बरोबर आहे. आपणच त्याला खोटं म्हणत होतो."

व्यासराजांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. रंजनीच्या फोनवरच्या फोटोत म्हशी तिथेच होत्या.

"लिहायचें नाहीं," ते मराठीत आले.

"कां?"

"कां म्हणजे? माझा शेवटला रिपोर्ट आहे गे. चौतीस वर्षें नोकरी केलों. शेवटल्या पानावर काय लिहूं, म्हशी बसल्या? दिल्लीला जातें तें. तिथें वाचतील आणि विचारतील, म्हशींच्या डबक्यांत खांब घातला कोण?"

"कोण घातलें सर?"

हे तिने फार साध्या आवाजात विचारलं. व्यासराज खिडकीकडे बघू लागले. खिडकीतून कपालीश्वराच्या गोपुराचा वरचा तुकडा आणि कोणाचीतरी वाळत घातलेली चादर दिसत होती.

"ती जागा अकरा ठिकाणें पाहून ठरवलेली," ते म्हणाले. "फाइलींत आहे. गुरुवारीं ते म्हणतील बंद करा, आपण म्हणायचें सेरी. संपलें. जा."

रंजनी गेली नाही. तिने पिशवीतून कागद काढला आणि टेबलावर पसरला. कचऱ्यात टाकलेले उन्हाळ्याचे आकडे तिने दुपारभर बसून परत वर काढले होते, पाच उन्हाळ्यांचे.

"हें पहा. एप्रिलअखेर स्टेशन एक कोरडें. दोन, तीन, चार कोरडीं. पांच आणि सहांत सांडपाणी, मासा नाहीं. मे महिन्यांत पूर्ण दक्षिण बाजूला उघडें पाणी राहातें एकाच ठिकाणीं. नऊ. पांच वर्षांत एकदांही साठ सेंटिमीटरच्या खालीं गेलें नाहीं. त्या बसतात म्हणून तें खोल आहे. तें खोल आहे म्हणून मासा आहे. मासा आहे म्हणून पक्षी आहे. आपण दरवर्षीं हेंच तेवढें पुसून दिल्लीला पाठवलों, मामा."

ऑफिसात तिने त्यांना मामा म्हणण्याची ही पहिली वेळ होती. काचेबाहेर संजीवची वही लिहायची थांबली.

व्यासराजांनी कागद हातात घेतला. बराच वेळ बघितला. साठच्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं, कोपर बरगडीला चिकटवून.

"गुरुवारीं तूच बोल," शेवटी ते म्हणाले. "मी बांधावर उभा राहीन."

"बांधावरच ना सर?"

त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती कागदाची घडी घालत होती, अगदी कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"त्या बाईंचा भाऊ कसा आहे?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"बरा आहे सर. शोळिंगनल्लूरला दुकान आहे त्याचं."

"बरें," व्यासराज म्हणाले आणि फॅनचा वेग वाढवला.

*

समितीचे अध्यक्ष राजगोपाल जलशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते. अंगाने भारदस्त, स्वभावाने शंकेखोर. गुरुवारी सकाळी दहाला ते बांधावर आले तेव्हा त्यांच्या पायात नवे कोरे पांढरे बूट होते. त्यांच्याबरोबर दोन सदस्य होते, पण ते उन्हामुळे गाडीतच राहिले आणि काचेतून सहमत होत राहिले.

रंजनीने सगळं सांगितलं. डबकं, म्हशी, रेघ. अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि डोकं हलवलं.

"आर्किमिडीज मला शिकवू नका," ते म्हणाले. "तत्त्व बरोबर आहे. पण वारा असू शकतो. सेन्सर सरकत असू शकतो. म्हशी आल्या आणि रेघ चढली, याचा अर्थ म्हशींमुळे चढली असा होत नाही. त्याच वेळी चेन्नईत इतरही गोष्टी घडत असतात."

"मग तुम्ही पाठ करून उभे राहा सर," रंजनी म्हणाली. "म्हशी बघू नका. फक्त रेघ बघा आणि आम्हाला सांगा, किती म्हशी पाण्यात आहेत."

ही सूचना शास्त्रीय असल्यामुळे अध्यक्षांना नाकारता आली नाही. ते डबक्याकडे पाठ करून संजीवच्या लॅपटॉपपुढे उभे राहिले. व्यासराज दहा पावलं मागे, बांधाच्या सर्वांत उंच भागावर छत्री धरून उभे होते. विजयलक्ष्मीने म्हशी पाणकणसापाशी अडवून धरल्या होत्या आणि या प्रकाराबद्दल ती त्यांची समजूत काढत होती.

रंजनीने हात वर केला. विजयलक्ष्मीने तीन सोडल्या.

एक मिनिट गेलं. रेघ हलली.

"तीन," अध्यक्ष म्हणाले.

आणखी चार सोडल्या.

"सात." त्यांच्या आवाजात किंचित नाराजी होती. "आता थांबवा. आता मला न सांगता एक बाहेर काढा."

एक बाहेर काढायला पाच मिनिटं लागली, कारण तिला कारण पटत नव्हतं. ती निघाली तेव्हा अध्यक्ष कपाळाला हात लावून पडद्याकडे बघत होते.

"सहा," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "ही जागा निवडली कोणी?"

बांधावरची छत्री जराशी हलली.

"सरांनी," रंजनी म्हणाली. "अकरा जागा पाहून."

व्यासराज आपल्या चपलांकडे बघू लागले. चपला स्वच्छ होत्या.

"उत्तम निवड," अध्यक्ष म्हणाले. "पण मला एक शंका आहेच. मोठी वस्तू कळते, मान्य. लहान वस्तू कळते का? म्हैस पाचशे किलोची. सेन्सरची सूक्ष्मता किती? अर्धा मिलिमीटर म्हणता, ते कागदावर. ते सिद्ध करायला आपल्याकडे काय आहे?"

असं म्हणत ते खांब जवळून बघायला वळले, बांधाच्या कडेपर्यंत गेले, नवा पांढरा बूट त्यांनी जिथे ठेवला तिथे सकाळपासून सात म्हशी उतरल्या होत्या, आणि ते गेले.

आवाज फार झाला नाही. चार चित्रबलाक उडाले आणि परत बसले. म्हशींनी वळून पाहिलं, मग सरकून थोडी जागा करून दिली. गाडीतल्या दोन सदस्यांनी काच खाली केली.

रंजनी कडेकडे धावली. संजीव तेवढा पडद्यावरून नजर न हटवता बसला होता. मिनिटाचा काटा फिरला.

"दोन मिलिमीटर," तो म्हणाला.

अध्यक्ष छातीभर पाण्यातून उभे राहिले. चष्मा होता, एका कानावर. त्यांनी तोंडातलं पाणी थुंकलं.

"काय म्हणालात?"

"दोन मिलिमीटर सर. तुम्ही." आणखी एक मिनिट गेलं. "आता दीड."

"मी उभा राहिलो म्हणून," अध्यक्ष म्हणाले.

"हो सर. कमी बुडालात."

अध्यक्ष विचारात पडले. त्यांच्या डोक्यावर पाणकणसाची एक काडी होती. चाळीस वर्षं त्यांनी पाण्याबद्दल शिकवलं होतं, आणि पाणी त्यांच्याबद्दल काहीतरी सांगायला आज पहिल्यांदाच तयार होतं. त्यांनी नाक धरलं आणि शांतपणे परत खाली बसले. पाण्यावर फक्त डोकं राहिलं. त्यांच्या डाव्या बाजूला एक म्हैस होती, उजव्या बाजूला एक म्हैस होती, आणि तिघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता.

"आता?" डोकं म्हणालं.

संजीव काट्याकडे बघत राहिला.

"दोन," संजीव म्हणाला.

"पुन्हा," डोकं म्हणालं आणि वर आलं.

त्यांनी ते चार वेळा केलं. दीड, दोन, दीड, दोन. चौथ्या खेपेला विजयलक्ष्मीने विचारलं की साहेबांचं झालं असेल तर बाकीच्या पाच म्हशी सोडू का, त्या ताटकळल्या आहेत. साहेबांचं झालं होतं. दोन सदस्यांनी मिळून त्यांना बाहेर ओढलं. चिखलातून बूट एकच आला.

"कागद द्या," अध्यक्ष म्हणाले.

त्यांनी 'बंद करावे' हे शब्द खोडले. बाजूला लिहिलं: 'कायम ठेवावे. दक्षिण कोपरा नकाशात प्रथम श्रेणीत घ्यावा. म्हशींच्या येण्याजाण्याला अडथळा करू नये.' सही करताना कागदावर पाण्याचा मोठा थेंब पडला आणि सही त्यात पसरली, पण ती त्यांचीच आहे याबद्दल कोणाला शंका येण्यासारखी नव्हती.

विजयलक्ष्मीने हे सगळं तमिळमध्ये समजावून घेतलं. पार्किंग होणार नाही याची तिने दोनदा विचारून खात्री केली. मग ती डबक्याकडे वळली आणि कमरेवर हात ठेवून म्हशींना मोठ्याने म्हणाली, "ऐकलंत का गं? सरकारी नोकरी लागली तुम्हाला!"

म्हशींनी ते मनावर घेतलं नाही. संजीवने मात्र उडी मारली, रंजनीने त्याच्या पाठीत गुद्दा घातला, आणि परतीच्या वाटेवर पेरुंबाक्कमच्या नाक्यावर दोघांनी मिळून सहा शहाळ्यांचं इळनीर प्यायलं, आणि पिताना मध्ये मध्ये दोघांपैकी कोणीतरी "दीड" म्हणायचं आणि दुसऱ्याच्या नाकातून पाणी यायचं.

व्यासराज गाडीत पुढच्या सीटवर बसून होते. त्यांनी इळनीर घेतलं नाही. छत्री त्यांनी मांडीवर आडवी धरली होती, बोटं दांड्यावर. कोरडी होती ती, टोकापर्यंत.

*

एकतीस मेला निरोप समारंभ झाला. शाल, हार आणि भिंतीवरचं एक मोठं घड्याळ. व्यासराज चार वाक्यं बोलले, त्यांतलं तिसरं एसीच्या स्विचबद्दल होतं. तीन वाजता हार टेबलावर ठेवून आणि घड्याळ काखेत मारून ते खाली उतरले. रिक्षा घराकडे, वेस्ट मांबलमच्या दिशेला वळायला हवी होती. ती डावीकडे वळली. रंजनीने ते खिडकीतून पाहिलं आणि वाहतूक असेल असं मनात म्हणाली.

संजीवचा प्रोग्रॅम आता शहाणा झाला होता. पाणी उगीच चढलं की तो 'त्रुटी' न म्हणता नम्रपणे 'कारण?' असं विचारत असे आणि पर्याय पुढे करत असे: पाऊस, म्हैस, अध्यक्ष, इतर. तिसरा पर्याय काढून टाकायचा असं रोज ठरत होतं.

सव्वाचारला भरती ओसरली. रेघ सपाट झाली. रंजनी दिवसाचे आकडे आवरायला बसली.

पाच दहाला रेघ हलली.

एक मिलिमीटर.

तिला आधी वाटलं, पक्षी असेल. पण एवढा पक्षी तिने एक्केचाळिसांत मोजला नव्हता. कुत्रा असेल तर उतरेल आणि निघेल. रेघ निघाली नाही. एक मिनिट, दोन, पाच. जिथे चढली तिथे उभी राहिली, थोडी अवघडल्यासारखी. कॅमेऱ्याचं बटण पडद्यावर उजव्या कोपऱ्यात होतं. रंजनीने बाण त्याच्यावर नेला. मग तिथून काढून घेतला.

फोन वाजला.

"रंजनी. स्टेशन नऊ चालतें ना?"

"चालतें सर."

"कांहीं दिसतें?"

त्यांच्या आवाजामागे एक जांभळी पाणकोंबडी कोणाशीतरी भांडत होती. त्याच्याही मागे विजयलक्ष्मीचा खणखणीत आवाज आला, "घड्याळ मी धरलंय सामी, तुम्ही निवांत!"

रंजनीने पडद्याकडे पाहिलं.

"एक मिलिमीटर, मामा."

पाण्याचा आवाज आला, हात फिरवून बघितल्यासारखा.

"एकच?"

"एकच."

"हूं." मग, जरा थांबून, "पलीकडची बाजूही पाहिलों आत्तां. हीच जागा बरी आहे."

फोन बंद झाला. रेघ आणखी वीस मिनिटं तशीच होती. पाच चाळीसला ती खाली आली, आणि प्रोग्रॅमने विचारलं: कारण?

"काय गं?" पलीकडच्या टेबलावरून संजीवने मान उंचावली. "म्हैस राहिली का एखादी?"

"नाही," रंजनी म्हणाली.

तिने चारही पर्याय वाचले. मग 'इतर'वर जाऊन हाताने टाइप केलं, 'जागेची पाहणी', आणि पुढे तारीख घातली, आजची.